पुसण्याआधी पंचनामा
चेक इंजिनचा दिवा लागल्यावर करायची कृती

सोयाबीनच्या सुगीचे दिवस होते. नांदेडचा लातूर फाटा सोडला, लोहा ओलांडले आणि अहमदपूर यायच्या आत डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखी पळत होती. फक्त चौकात थांबली की आयडलिंगला किंचित थरथरायची. लातुरात एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे स्कॅनर लावला, दोन बटणे दाबली, दिवा विझला. चौथ्या दिवशी तो परत आला. मग ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला, दिवा पुन्हा पुसून झाला आणि पंधरवड्यात पुन्हा लागला. शेवटी एका रविवारी मी स्वतः बोनेट उघडून बसलो. इंजिनाच्या मागच्या अंगाला, हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही अशा जागी, बोटाएवढ्या जाडीच्या रबरी पाइपला उंदराने कुरतडून तुरीचा दाणा जाईल एवढे भोक पाडले होते. गाडी आठवडाभर सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी होती. बदललेला सेन्सर निर्दोष होता. तो खरे तेच सांगत होता, त्याचे ऐकून घेतले गेले नव्हते.

अतिवृष्टीने पीक गेले की आपल्याकडची जाणती माणसे शेतकऱ्याला पहिली गोष्ट सांगतात : पंचनामा होईपर्यंत रानाला हात लावू नको. नांगर फिरवला की नुकसानीचा पुरावाही मातीत जातो. गाडीच्या कोडचे तसेच आहे. कोड पुसला की दोष घडला त्या क्षणी गाडीच्या संगणकाने टिपून ठेवलेली सगळी परिस्थिती त्याच्याबरोबर जाते आणि दुखणे जागच्या जागी राहते. म्हणून पुढच्या कृतीत पुसणे अगदी शेवटी येते.

कोणत्या गाड्यांसाठी

आपल्या देशात चारचाकी गाड्यांना स्वतःचा दोष स्वतः नोंदवणारी ओबीडी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली. पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून, दुसरा एप्रिल २०१३ पासून. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा, अधिक कडक टप्पा सुरू झाला. ही कृती प्रामुख्याने बीएस ६ गाड्यांसाठी आहे; २०१३ नंतरच्या बीएस ४ गाड्यांनाही तिचा बराचसा भाग लागू पडतो.

साहित्य

- ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर. साधा पाचशे ते दीड हजार रुपयांत मिळतो. अगदी स्वस्त नकली स्कॅनर काही गाड्यांशी बोलतच नाहीत, म्हणून घेताना आपल्याच गाडीला लावून पाहा.
- मोबाइलमध्ये कोड, फ्रीझ फ्रेम आणि लाइव्ह डेटा दाखवणारे ॲप.
- डिजिटल मल्टिमीटर.
- टॉर्च, छोटा आरसा, हातमोजे.
- पाना-सॉकेटचा साधा संच, स्क्रू ड्रायव्हर, स्पार्क प्लगचा पाना.
- इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे.
- हातभर लांबीचा रबरी पाइप. एक टोक कानाशी धरून हवेची गळती ऐकायला याच्याइतके चांगले साधन नाही.
- वही आणि पेन. या यादीतले हे सर्वांत महत्त्वाचे.

आधी पथ्ये

इंजिन थंड झाल्याशिवाय हात घालू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर असतो. बंद केलेले इंजिनही तासभर भाजते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही.

कॉमन रेल डिझेल गाडीची हाय प्रेशर लाइन कधीही ढिली करू नका. टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार असते. या नळीत दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. ती धार कातडी फोडून आत जाते. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी तारांना स्पर्श नको. इंजिन चालू ठेवून काम करायचे असेल तर शेडमध्ये नको, उघड्यावर करा.

पायरी १ : दिवा नीट पाहा

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी व्यवस्थित चालत असेल, तर सावकाश घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जाता येते. पिवळा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, तर लगेच ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, बंद करा. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि काही किलोमीटरमध्ये तो महाग भाग वितळवू शकते.

लाल दिव्याची गोष्ट वेगळी. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर स्कॅनर शोधत बसू नका. जिथे असाल तिथे इंजिन बंद करा.

पायरी २ : जबानी लिहून घ्या

वहीत तारीख, किलोमीटर आणि त्या दिवसाची हकीकत लिहा. दिवा चढावर लागला की चौकात? इंजिन थंड होते की गरम? त्याच्या आधी पेट्रोल कधी भरले? गाडी किती दिवस एका जागी उभी होती, आणि कशाशेजारी? नवा हॉर्न, लाइट, कॅमेरा बसवला का? खंडेनवमीला गाडी धुताना इंजिनवर प्रेशरचा फवारा मारला का? अर्धी कारणे या पाच-सहा उत्तरांतच सापडतात.

पायरी ३ : बॅटरी तपासा

गाडी बंद ठेवून मल्टिमीटरने बॅटरीचा दाब मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर चांगला, १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी आधी चार्ज करा. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे हा दाब कमी-जास्त करतो, म्हणून एकाच आकड्यावर निकाल देऊ नका.

कमजोर बॅटरीवर सेल्फ मारला की गाडीतले छोटे संगणक क्षणभर गोंधळतात आणि एकमेकांशी संपर्क तुटल्याचे पाच-सात कोड एकदम दिसतात. असे झाले तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि बॉडीवरची अर्थिंगची पट्टी बघा.

पायरी ४ : स्कॅनर जोडा

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी सोळा पिनांचे, वरून रुंद आणि खालून अरुंद असे सॉकेट असते. काही गाड्यांत ते फ्यूजच्या झाकणामागे असते. चावी बंद असताना स्कॅनर बसवा, मग इग्निशन ऑन करा. इंजिन अजून चालू करू नका.

स्कॅनरचा दिवाच लागला नाही तर घाबरू नका. पुष्कळ गाड्यांत या सॉकेटचा फ्यूज मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटशी सामाईक असतो आणि चार्जर लावताना तो उडालेला असतो. काम झाले की स्कॅनर काढून ठेवा. लावून ठेवला तर उभ्या गाडीत तो बॅटरी खात राहतो.

पायरी ५ : सगळे वाचा, सगळे लिहा

आता हा खरा पंचनामा. ॲपमध्ये तीन जागा पाहा.

पहिली, पक्के कोड. यांच्यामुळे दिवा लागला आहे. दुसरी, प्रलंबित कोड. दोष एकदा दिसला आहे, पण संगणकाची खात्री अजून पटलेली नाही. बहुतेक दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसले की पक्के होतात. तिसरी जागा फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती, पाण्याचे तापमान, इंजिनावरचा लोड, इंधनाची दुरुस्ती किती टक्के, हे सगळे तिथे गोठवून ठेवलेले असते.

या तिन्ही पानांचे स्क्रीनशॉट घ्या आणि मुख्य आकडे वहीतही उतरवा. इथपर्यंत पुसण्याच्या बटणाकडे बोट नेऊ नका.

पायरी ६ : कोडची फोड करा

कोडमध्ये एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे असतात. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखी खालची यंत्रणा, यू म्हणजे संगणकांमधला संपर्क. अक्षरानंतर ० असेल, किंवा पी कोडमध्ये २ असेल, तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक. १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ कंपनीच्याच माहितीत पाहावा लागतो. पी कोडमध्ये पुढचा आकडा भाग सांगतो : १ आणि २ म्हणजे इंधन-हवा, ३ म्हणजे स्पार्क आणि मिसफायर, ४ म्हणजे धुराचे नियंत्रण, ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग, ६ म्हणजे संगणक, ७ आणि ८ म्हणजे गिअरबॉक्स.

उदाहरणार्थ, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कॉइल गेली, प्लग गेला की इंजेक्टर, हे त्यात कुठेही म्हटलेले नाही. कोड लक्षण सांगतो. वैद्याला ताप सांगावा तसे ते आहे. कशाचा ताप, ते तपासूनच कळते. अनेक कोड एकदम असतील तर आधी बॅटरीचे, मग सेन्सरच्या सर्किटचे, मग मिसफायरचे आणि शेवटी कन्व्हर्टरचे, या क्रमाने हात घाला. आधीचा दोष नंतरच्या कोडचे कारण असू शकतो.

पायरी ७ : पाना उचलण्याआधी डोळे वापरा

टॉर्च घेऊन एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंत हवेचा सगळा रस्ता पाहा. फिल्टरचे झाकण नीट बसले आहे का, होज पाइपची क्लिप ढिली आहे का, रबराला वाकवल्यावर चीर उघडते का. मळणीच्या हंगामात आणि वैशाखात आपल्याकडची बारीक काळी धूळ फिल्टर लवकर भरते. सर्व्हिसच्या किलोमीटरची वाट न पाहता तो काढून उजेडावर धरून बघा.

नंतर वायरिंग. उंदराच्या लेंड्या, कुरतडलेला रबर, दाण्यांचा साठा दिसतो का? प्रत्येक कपलर हलकेच दाबून तो लॉक झाला आहे का ते तपासा. शंका आली तर चावी बंद करून कपलर सोडा, आत हिरवट गंज किंवा पाणी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, परत बसवा. बाहेरून जोडलेली हॉर्नची किंवा लाइटची तार सेन्सरच्या तारेला टोचून जोडली असेल तर आधी ती सोडवा.

पायरी ८ : लाइव्ह डेटा पाहा

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर हे करा. फक्त इग्निशन ऑन करून पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचा. दोन्ही बाहेरच्या हवेइतकीच, फार तर चार-पाच अंश इकडेतिकडे असायला हवीत. एखादा आकडा उणे ४० दाखवत असेल, तर नांदेड-लातुरात त्याचा अर्थ एकच : सेन्सरची तार तुटली आहे किंवा कपलर निघाला आहे. पी ०११८ हा कोड अशा वेळी येतो. उलट पी ०११७ आणि अशक्य वाटावे एवढे जास्त तापमान दिसले तर तार कुठेतरी शॉर्ट आहे. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बदलण्याआधी एवढे बघितले तरी पुरते.

पायरी ९ : कोडप्रमाणे चाचणी

*मिसफायर (पी ०३०० ते ०३०४).* ही चाचणी घरी करता येते आणि तिचा निकाल स्पष्ट असतो. समजा कोड पी ०३०२ आहे. चावी बंद करा, इंजिन थंड होऊ द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कपलर मात्र आपापल्या जागीच राहतात. नोंदी झालेल्या आहेत, त्यामुळे आता कोड पुसून गाडी चालवा. नवा कोड पी ०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. पी ०३०२ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. तरीही दोष दुसऱ्यातच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. तिथून पुढे जाणकार मिस्त्री हवा. पावसात किंवा इंजिन धुतल्यावर हा कोड आला असेल तर आधी प्लगच्या खाचेत पाणी साचले आहे का ते बघा.

*मिश्रण पातळ (पी ०१७१).* याचा अर्थ हवा जास्त, पेट्रोल कमी. लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधनाची दुरुस्ती, पाहा. दोन्हींची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर ठीक. माझ्या गाडीत आयडलिंगला ती अधिक १९ होती आणि अडीच हजार फेऱ्यांवर रेस केली की अधिक ६ वर यायची. आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत हे हवेच्या गळतीचे ठळक लक्षण आहे. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा घेते, म्हणून चोरून आलेली हवा जाणवते; रेस केल्यावर ती मोठ्या प्रवाहात बुडून जाते. उलट आयडलिंगला ठीक आणि लोड घेतल्यावर ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोलचा दाब कमी पडतो आहे किंवा एमएएफ सेन्सर मळला आहे.

गळती शोधायला रबरी पाइप कानाला लावून दुसरे टोक होजच्या सांध्यांवरून फिरवा. पंख्याच्या आणि बेल्टच्या जवळ हात नेऊ नका. जिथे सूं असा बारीक आवाज वाढेल तिथे बोट दाबून पाहा. मी दाबले, तेव्हा आवाज थांबला, थरथर थांबली आणि मोबाइलवरचा आकडा डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधायची जुनी सवय मात्र सोडा, भडका उडतो. एमएएफ सेन्सर धुवायचा तर त्याच्यासाठीचाच स्प्रे वापरा आणि आतल्या तारेला हात लावू नका.

इथेनॉलची शंका बरेच जण काढतात. शुद्ध पेट्रोलला एक किलो जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५ किलो. म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते आणि ट्रिम अधिकच्या बाजूला थोडी सरकते. धडधाकट गाडीचा संगणक हे सांभाळून घेतो. आधीच एखादी गळती असेल तर मात्र हे ओझे तिच्यावर पडून कोड उमटतो. तेव्हा पेट्रोलला दोष देऊन थांबू नका, गळती शोधा.

*इंजिन गरम होत नाही (पी ०१२८).* उन्हाळ्यात गाडी थंड राहावी म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची रीत आपल्याकडे जुनी आहे. जुन्या जीपला ते खपून गेले. नव्या गाडीत संगणक इंजिन ठरावीक वेळात गरम व्हायची वाट पाहतो. ते झाले नाही तर जादा इंधन देत राहतो, ॲव्हरेज पडतो आणि हा कोड येतो. हायवेवर पंधरा मिनिटे चालवल्यावरही पाणी ८० अंशांच्या आसपास पोचत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा काढलेला आहे. नवा बसवा. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नका. आपल्या बोअरच्या जड पाण्याने भांड्यांवर जसा पांढरा थर बसतो, तसाच तो इंजिनाच्या आतही बसतो. कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरा.

*डीपीएफ भरला (पी २४६३).* बीएस ६ डिझेल गाडीच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागते. लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर किंवा नांदेडमधल्या वजिराबादच्या गर्दीत दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला ते तापमान मिळतच नाही आणि फिल्टर भरत जातो. डीपीएफचा दिवा नुसता लागला असेल आणि गाडीचा पिकअप शाबूत असेल, तर नांदेड-लातूर रस्त्यासारख्या मोकळ्या रस्त्यावर ६०-८० च्या वेगाने, एक गिअर खालचा ठेवून, वीस-पंचवीस मिनिटे न थांबता चालवा. सफाई चालू असताना आयडलिंग थोडे वाढते, पंखा जोरात फिरतो, ॲव्हरेजचा आकडा घसरतो. अशा वेळी गाडी बंद करू नका. अर्धवट राहिलेल्या सफाईत जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदला. सफाईनंतर सायलेन्सर भयंकर तापलेला असतो. वाळल्या गवतावर, कडब्याशेजारी, सोयाबीनच्या भुसावर गाडी उभी करू नका.

दिव्यासोबत गाडीची ताकदही गेली असेल तर रस्त्यावर प्रयोग नकोत. सर्व्हिस सेंटरमध्ये काजळीचे प्रमाण पाहून ठरवावे लागते. डीपीएफ कापून काढून देणारे भेटतील. ते बेकायदा आहे आणि ती काजळी आपल्याच गल्लीतली मुले श्वासात घेतात.

*टर्बोचा दाब कमी (पी ०२९९).* गाडी चढाला लोड धरत नाही आणि ॲक्सिलरेटर दाबला की फुस्स असा आवाज येतो. इंटरकूलरचे होज पाहा. सांध्यावर ताजे तेलकट ओघळ दिसले तर क्लिप सुटली आहे किंवा पाइप फाटला आहे. टर्बो बदलायला सांगितला तरी आधी हे बघा.

*कन्व्हर्टर कमजोर (पी ०४२०).* हा सर्वांत महाग भाग, म्हणून सर्वांत शेवटी. आधी मिसफायर आणि मिश्रणाचे कोड मिटवा, सायलेन्सरच्या सांध्यातून धूर गळत नाही ना ते पाहा. मगच कन्व्हर्टरचा विचार करा.

पायरी १० : आता पुसा

कारण सापडले, दुरुस्ती झाली, वहीत लिहून झाले. आता इग्निशन ऑन, इंजिन बंद. ॲपमध्ये कोड पुसण्याचा पर्याय दाबा. दहा-पंधरा सेकंद थांबा. चावी बंद करा, स्कॅनर काढा, मिनिटभराने इंजिन चालू करा.

बॅटरीची तार काढून दिवा घालवू नका. त्याने आयडलिंगची शिकलेली जुळणी, काचांची सेटिंग, कधी स्टिअरिंगच्या सेन्सरची ओळखही जाते आणि एका दिव्याच्या जागी तीन लागतात. एअरबॅग आणि एबीएसचे कोड असे घरी पुसू नका. त्यांच्यावर जीव अवलंबून असतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दुरुस्ती खरी असेल तर न पुसताही दिवा साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपोआप विझतो, आणि इंजिन ४० वेळा थंड-गरम होईपर्यंत दोष परत आला नाही तर जुनी नोंदही निघून जाते. पुसण्याची घाई करायचे कारणच नाही.

पायरी ११ : खात्रीची फेरी

पुसल्यावर संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण होतात. ॲपमध्ये त्या ‘रेडिनेस’ या नावाखाली दिसतात. त्या पुऱ्या झाल्याशिवाय दुरुस्ती सिद्ध झाली असे म्हणता येत नाही.

सकाळी थंड इंजिन चालू करा, दोन-तीन मिनिटे आयडलिंगला ठेवा. गावातून दहा मिनिटे थांबत-निघत चालवा. मग हायवेला लागून ६० ते ८० च्या स्थिर वेगाने पंधरा-वीस मिनिटे जा. दोन-तीनदा ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्येच वेग कमी होऊ द्या. नांदेडकरांना सोनखेड-लोह्यापर्यंत आणि लातूरकरांना चाकूरच्या दिशेने जाऊन येणे यासाठी सोयीचे आहे. परत आल्यावर दोन मिनिटे आयडलिंग. गाडी चालवताना मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात द्या.

घरी येऊन पुन्हा स्कॅनर लावा आणि प्रलंबित कोड पाहा. दिवा विझलेला असूनही तिथे जुना कोड उमटला असेल तर कारण अजून गाडीतच आहे. पायरी सातवर परत जा. दुसऱ्या दिवशी हीच फेरी पुन्हा करा. दोन्ही दिवस पान कोरे निघाले तर काम झाले.

मिस्त्रीकडे कधी

हाय प्रेशर इंधन, टायमिंग चेन, गिअरबॉक्स, एअरबॅग, इंजिनाच्या संगणकाचे कोड आणि वॉरंटीतली गाडी, ही कामे घरची नव्हेत. वॉरंटी चालू असेल तर तारेला हात न लावता फक्त वाचन करून जा.

जाताना वही घेऊन जा. कोड, फ्रीझ फ्रेमचे आकडे, कधी लागला, काय तपासले, काय निर्दोष निघाले, हे एका पानावर समोर ठेवले की चांगला मिस्त्री ते पान आधी वाचतो आणि त्याचा अर्धा तास वाचतो. प्रत्येक पानावर शेवटचा रकाना मी ‘कारण’ असा आखला आहे. दिवा विझला म्हणून तो भरायचा नाही, कारण हाताला लागले की भरायचा. सोयाबीनच्या सुगीच्या त्या पानावर तो रकाना महिनाभर रिकामा होता. आता तिथे दोन शब्द आहेत : रबरी पाइप.